ॲसिडची बाटली नवऱ्याच्या हाती द्या

मायबहिणींनो, मी दवाखान्यात नर्स होते तेव्हाची गोष्ट. सातवा महिना लागलेली एक बाई धापा टाकत आली. डोळे लाल, खोकला थांबेना. संडास धुताना तिने आधी ॲसिड ओतले, डाग निघेना म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. दार लावलेले, खिडकी नाहीच. आम्ही ऑक्सिजन लावला, बाळाचे ठोके पाहिले. दोघेही सुखरूप राहिले. जाताना मी तिला बजावले, "पुन्हा असं करू नकोस." नवरा शेजारीच उभा होता. त्याला मी एक शब्दही बोलले नाही. ती माझी चूक.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. म्हणून हे दोन्ही कुणीच, कधीच एकत्र करू नये. नुसत्या ॲसिडची वाफही वाईटच. गरोदर बाईने ते काम करूच नये. नवऱ्याने करावे, दार उघडे ठेवून.

धुणीभांडी, झाडूपोछा करणाऱ्या बहिणींनी मालकिणीला सांगावे, "मला दिवस गेलेत. साबण-सोड्याने घासते, ॲसिड नको." काम जाईल ही भीती मला ठाऊक आहे. म्हणून एकटीने नको, त्याच इमारतीत काम करणाऱ्या दोघीतिघींनी मिळून सांगा.

आता घरातला धूर. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका मच्छर कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके आढळले. पण डासही नकोत. गरोदरपणात मलेरिया, डेंग्यू जास्त घातक. म्हणून मच्छरदाणी लावा, दिवसा झोपतानाही. पाण्याचे पिंप झाकून ठेवा.

चुलीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तात ऑक्सिजनची जागा तो अडवतो, मग बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो. रोजच्या धुराने बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. आपल्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. सिलिंडर संपला आणि चूल पेटवावीच लागली, तर ती दाराबाहेर पेटवा आणि फुंकायला दुसऱ्या कुणाला बसवा.

वंदनेला अगरबत्ती लावता तेव्हा खिडकी उघडी ठेवा. नुसती फुले वाहिली तरी चालते. 14 एप्रिल जवळ आली की घराला रंग लागतो. ऑइल पेंट आणि थिनरचा वास जाईपर्यंत तिला शेजारी किंवा माहेरी राहू द्या.

"ताई, आमची एकच खोली, जायचं कुठं?" असे बायका विचारतात. खोली एक असली तरी दार आहे ना? झुरळांचा स्प्रे मारताना, फरशीला फिनेल लावताना तिने बाहेर ओट्यावर बसावे. वास गेला की आत यावे.

एखाद्या वेळी वास नाकात गेला म्हणून घाबरू नका. मोकळ्या हवेत या, तोंड-डोळे पाण्याने धुवा. पण दम लागला, चक्कर आली, खोकला थांबेना किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता वस्तीत गरोदर बाईकडे गेले की मी आधी तिच्या नवऱ्याला हाक मारते. संडास कोण धुतो, हे त्यालाच विचारते.