प्रवाळ आणि प्रकाश

कृष्णाकाठच्या आम्हां सातारा-सांगलीकरांना पोवळे माहीत असते ते माळेतले. जिवंत प्रवाळ पाहायचा तर मालवण गाठावे लागते. प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या देहात सूक्ष्म शेवाळ राहते आणि सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. म्हणजे उजेड गेला, की त्याची चूल विझली!

समुद्राचे पाणी तांबडा किरण आधी शोषते, निळा खोलवर जाऊ देते. म्हणून घरच्या काचपेटीत प्रवाळ वाढवणारे परदेशांतील हौशी लोक निळसर दिवे लावतात. पण त्या उजेडात छायाचित्र घ्यावे, तर सारेच निळे उमटते. तेव्हा घटकाभर पांढरा दिवा लावतात, किंवा भिंगापुढे पिवळी काच धरतात. दिवा मात्र एकदम प्रखर करून चालत नाही. उजेड आणि उष्णता अती झाली, तर शेवाळ देहाबाहेर पडते, प्रवाळ पांढरा होतो आणि अखेर उपासमारीने मरतो.

आपल्याकडे दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. ते काढणे, विकणे हा गुन्हा होय. तेव्हा काचपेटीचा मोह सोडून आपण मालवणच्या पाण्यात उतरावे. नियम तेथेही तोच: पांढरा दिवा जवळ न्यावा, म्हणजे हरवलेला तांबडा रंग चित्रात परत येतो. चित्र घरी आणावे. प्रवाळ समुद्रातच राहू द्यावा.