डोक्यावरचा छोटा आकडा

गणितात मला सर्वांत लाडका कोण विचाराल, तर घातांक. संख्येच्या डोक्यावर बसलेला हा चिमुकला आकडा खालच्या थोरल्याला हवा तसा नाचवतो. शाळेत तो भौतिकशास्त्रात एकदा आणि गणितात पुन्हा भेटतो. दोन्हीकडचा घातांक एकच, हे मात्र कोणी सांगत नाही.

वैज्ञानिक मांडणीत आधी १ ते १० मधली संख्या आणि पुढे दहाचा घात. सूर्याचे सरासरी अंतर १.४९६ गुणिले दहाचा ११वा घात, इतके मीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला २.९९८ गुणिले दहाचा ८वा घात मीटर. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो हे काढायचे, तर अंतराला वेगाने भागायचे. भागाकारात शून्ये मोजायची नाहीत, घातांक वजा करायचे. उत्तर ४९९ सेकंद, म्हणजे सव्वाआठ मिनिटांहून किंचित जास्त.

पण माझा जीव अडकलाय तो भास्कराचार्यांत. त्यांच्या ‘लीलावती’त एक ते परार्ध अशी दहाच्या घातांची अठरा नावे आहेत. दहाचा ११वा घात म्हणजे निखर्व. तेव्हा सूर्य आपल्यापासून दीड निखर्व मीटर! काय थाट आहे! परार्ध हा १७वा घात. एक मोल पदार्थातले कण मोजायचे तर २३व्या घातापर्यंत जावे लागते. तिथे नावे संपतात, घातांक संपत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणला मी या वेडापायीच गेलो. डोंगराच्या पायथ्याशी, झाडीतल्या या गावचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, असे त्यात कोरले आहे. साल १२०७. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत! गणिताच्या मठाला दान, तेही आपल्या भाषेत नोंदलेले. अशी जागा देवळाइतकीच पवित्र मानावी, असे माझे मत.

याच भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त चंद्राची तात्कालिक गती मांडली. चंद्राची चाल दिवसभरातही बदलते, आणि तिथी नेमकी कधी संपते हे काढायला सरासरी पुरत नाही. त्या क्षणीची गती हवी. विकलनाचे बीज ते हेच. पुढे सतराव्या शतकात न्यूटन-लायब्निट्झ यांनी त्याचे सर्वसाधारण शास्त्र उभारले. ती कथा पाठ्यपुस्तकांत आहेच.

बहुपदीचे विकलन तर एका ओळीचे: घातांक खाली उतरून गुणक होतो आणि वर स्वतःहून एकने लहान उरतो. क्ष घनाचे ३ क्ष वर्ग, क्ष वर्गाचे २ क्ष. कारणही सोपे. चौकोनी अंगणाची बाजू जराशी वाढवली, तर दोन बाजूंना दोन लांब पट्टे आणि कोपऱ्यात एक चिमूटभर चौकोन वाढतो. कोपरा नगण्य, पट्टे दोन, प्रत्येकाची लांबी क्ष.

आता गंमत पाहा. ३४७२ म्हणजे ३ क्ष घन + ४ क्ष वर्ग + ७ क्ष + २, फक्त क्ष म्हणजे १०. विकलन करा: ९ क्ष वर्ग + ८ क्ष + ७. दहा घाला, ९८७ येतात. म्हणजे आपण दहाऐवजी १०.०१ च्या घातांत मोजत असतो, तर हेच अंक सुमारे ९.८७ ने जड झाले असते. एकंस्थानचे २ मात्र कितीही ढकला, जागचे हलत नाहीत. स्थिर पदाचे विकलन शून्य का, ते असे.