काता वळतो डावीकडे, शत्रू असतो समोर

संध्याकाळची वेळ. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या पोशाखातली तीस-चाळीस मुले-मुली रांगेत उभी आहेत. शिक्षक जपानी आकडे मोजू लागतात, तशी सगळी एकदम डावीकडे वळतात, हात खाली झटकतात आणि एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारतात. मग गर्रकन मागे वळून तेच उजवीकडे. भिंतीशी बसलेल्या आया कौतुकाने पाहत असतात. घरी जाताना एखादी मुलगी आईला सांगते, ‘‘आधी डावीकडून एक गुंड येतो, मग मागून दुसरा, मग समोरून तिसरा. आठ जण आले तरी मी एकटी पुरी पडेन.’’

आई सुखावते. पण क्षणभर विचार करा. आपली पाळी येईपर्यंत शिस्तीत थांबणारे गुंड कुणी कधी पाहिले आहेत का? पहिल्याशी झटापट चालू असताना पाठीमागचा गप्प उभा राहील का? मुलीच्या मनातली ही समजूत नुसती भाबडी नाही, धोक्याचीही आहे. प्रसंग आलाच तर अशा खोट्या भरवशावर ती पळून जाण्याऐवजी उभी राहील.

मग काताचा खरा अर्थ काय?

एकट्याने करायची उजळणी

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या रेषेवर एकट्याने करायच्या डावांची मालिका. या रेषेला जपानीत ‘एनबुसेन’ म्हणतात. कराटेचे माहेर ओकिनावा बेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या आंको इतोसू या गुरूंनी शाळकरी मुलांना कराटे शिकवता यावे, म्हणून ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काता प्रचारात आणले. पुढे गिचिन फुनाकोशी १९२२ साली टोकियोला गेले आणि त्यांनी मुख्य जपानात कराटेचा प्रसार केला. त्यांनी याच पाच कातांना ‘हेइआन’ हे नाव दिले. आज अनेक वर्गांत मुले जो ‘हेइआन शोदान’ सुरुवातीलाच शिकतात, तो मूळचा ‘पिनान निदान’.

शाळेच्या मैदानावर शंभर मुलांकडून एका तालात कवायत करून घ्यायची, तर प्रत्येकाला जोडीदार देऊन डाव उलगडून दाखवणे कठीण. त्यामुळे हालचाली पाठ झाल्या, पण त्यांचा अर्थ बऱ्याच ठिकाणी मागे राहिला. खुद्द इतोसूंनी १९०८ साली लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात बजावले होते, की प्रत्येक डावाचा अर्थ समजून घ्यावा आणि तो केव्हा, कसा वापरायचा हे ठरवावे.

माबुनींनी सांगितलेली किल्ली

इतोसूंचे एक शिष्य केनवा माबुनी. ‘शितो-र्‍यू’ ही कराटेची मोठी शाखा त्यांनीच सुरू केली. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी याच प्रश्नाला हात घातला. काता आठ दिशांना वळतो म्हणून तो आठ शत्रूंशी लढण्यासाठी आहे, असे मानणे त्यांच्या मते निव्वळ वेडेपणा होता.

त्यांचा मुद्दा साधा आहे. पिनानचे पाचही काता डावीकडून सुरू होतात आणि मग तेच डाव उजवीकडे होतात. शत्रू नेहमी डावीकडूनच येणार, असे थोडेच असते? तेव्हा शत्रू समोरच आहे असे धरा. काताची दिशा, तो कुठून आला हे सांगत नाही. त्याच्या संदर्भात तुम्ही कुठे सरकायचे, ते सांगते.

एक उदाहरण घेऊ. समजा, समोरच्या माणसाने उजव्या हाताने कॉलर धरायला झेप घेतली. आपण मागे सरलो, तर तो तसाच अंगावर येईल. त्याऐवजी आपण त्याच्या वाटेतून बाजूला झालो आणि त्याच्या कुशीकडे तोंड केले, तर त्याची झेप पुढे निघून जाते. त्याचा दुसरा हात आपल्यापर्यंत सहज पोहोचत नाही, आपले मात्र दोन्ही हात मोकळे. तो एका दिशेला तोंड करून आहे आणि आपण त्याच्याशी काटकोनात उभे आहोत. काताच्या आरंभी डावीकडे घेतलेले वळण म्हणजे हा काटकोन. खाली झटकलेला हात त्याचा हात दाबतो आणि पुढच्या पावलाबरोबर ठोसा बसतो. मग उजवीकडे तेच का? कारण तो दुसऱ्या हाताने आला, तर दुसऱ्या बाजूला सरकण्याचीही सवय हवी.

हेइआन शोदानमध्ये उजवीकडे वळल्यावर एक डाव जास्तीचा आहे. खाली गेलेला हात मागे खेचून, वर्तुळात फिरवून वरून मुठीचा घाव घालायचा. कुणी मनगट पकडले तर ते सोडवून घेण्याचा हा डाव आहे, असे बहुतेक शिक्षक सांगतात. म्हणजे शत्रू लांबून येणारा दुसरा कुणी नाही. तो हात धरून अगदी जवळ उभा आहे.

गिरकी आणि कमरेवरचा हात

याच कातामध्ये एका टोकाला पोहोचल्यावर पाठ फिरवून पाऊण वर्तुळाची, म्हणजे २७० अंशांची गिरकी घ्यावी लागते. मुले विचारतात, ‘‘नुसते उजवीकडे बघायचे, तर एवढे फिरायचे कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. पण हातात प्रतिस्पर्ध्याचा हात आहे अशी कल्पना करा. आपण त्याच्याकडे पाठ करून फिरलो, की तो ओढला जातो आणि तोल जाऊन पडतो. आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडीची आठवण यावी, असे हे फेकणे. अनेक जाणकार या गिरकीचा हाच अर्थ लावतात.

तीच गोष्ट ठोसा मारताना कमरेकडे जाणाऱ्या दुसऱ्या हाताची. तो रिकामा राहिला तर दिसायला छान, एवढेच. त्यात शत्रूचे मनगट धरलेले असले, तर तोच हात त्याला ठोशावर ओढून आणतो.

अर्थात, प्रत्येक वळणामागे गूढ शोधू नये. काही वळणे जागेच्या सोयीसाठीही असतात. वळत वळत सुरुवातीच्या जागी परत आले, तर काता लहान अंगणातही करता येतो.

पालकांनी काय पाहावे?

काताचा अर्थ उलगडून दाखवण्याला ‘बुंकाई’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सांघिक काताच्या पदकाच्या फेरीत बुंकाई करून दाखवावी लागते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या वैयक्तिक काताचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाने जिंकले, तेव्हा जगाने काताचे सौंदर्य पाहिले. पण आपल्या मुलीला पदकाइतकीच, किंबहुना जास्त, गरज सुरक्षिततेची आहे.

म्हणून पट्ट्याचा रंग विचारण्याआधी शिक्षकांना विचारा, की जोडीदाराबरोबर सावकाश सराव होतो का? प्रत्येक वळणावर शत्रू कुठे आहे, हे मुलांना सांगता येते का? कुणी हात धरला तर काय करायचे, हे त्यांनी करून पाहिले आहे का? फेकण्याचे डाव मात्र गादीवर आणि शिक्षकांसमोरच व्हावेत.

आणि मुलीला एवढे जरूर सांगा, की काता आठ जणांना लोळवायला शिकवत नाही. समोरून येणाऱ्याच्या वाटेत उभे राहायचे नाही, बाजूला व्हायचे, पकड सोडवायची, हे तो शिकवतो. बाजूला झाल्यावर जी वाट मोकळी होते, ती घराकडे धावण्यासाठीही असते. त्या वाटेने धावत सुटण्यात कसलाही कमीपणा नाही.