‘मायबाप सरकार’ ही समजूत तपासायची कशी?

भोपाळच्या वायुकांडाची चर्चा निघाली की एक समजूत हमखास पुढे येते : पीडित गरीब, कंपनी बलाढ्य; तेव्हा मायबाप सरकारने त्यांच्या वतीने लढावे आणि मिटवावे, हेच रास्त. सत्तेचे नाते स्वाभाविक भासवणाऱ्या अशा समजुतींच्या जाळ्याला ‘विचारप्रणाली’ म्हणतात. तिची चिकित्सा शिकता येते. फ्रँकफर्टला 1923 साली निघालेल्या समाजसंशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी तिची रीत घडवली. त्यांच्यातल्या माक्स होर्कहायमर यांनी 1937 च्या निबंधात ‘चिकित्सक सिद्धांत’ मांडला. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त 1873 सालीच धर्माच्या आडून चालणाऱ्या सत्तेची उलटतपासणी केली होती. ही रीत आपण पायरीपायरीने पाहू.

पायरी 1 : समजुतीतले खरे आधी मान्य करा

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे गेली. मार्च 1985 च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे गेला. कर्ता माणूस गेलेल्या, धाप लागणाऱ्या कुटुंबाने अमेरिकी कंपनीशी एकट्याने कसे झुंजावे? म्हणजे समजुतीत तथ्य होते.

पहिली चूक इथेच होते. आपण विचारप्रणालीला निव्वळ थाप समजतो. पण थाप उघडी पडते. विचारप्रणाली टिकते ती तिच्यातल्या खऱ्या अंशाच्या बळावर.

पायरी 2 : काय झाकले जाते ते शोधा

कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीत अमेरिकी मूळ कंपनीचे 50.9 टक्के भाग होते, तर सरकारी वित्तसंस्थांचे सुमारे 22 टक्के. कारखान्याला परवानगीही सरकारचीच. ज्याला जाब विचारायचा, तोच पालक झाला होता.

पण इथे थांबणे ही दुसरी चूक. एखादा विचार कुणाच्या सोयीचा आहे, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पुढची पायरी चढावीच लागते.

पायरी 3 : समजुतीला तिच्याच वचनाने मोजा

याला ‘अंतर्गत चिकित्सा’ म्हणतात. बाहेरचा आदर्श न लादता, समजूत स्वतः जे कबूल करते तेच तिच्यापुढे धरायचे. पीडितांचे म्हणणे लक्षात घ्यावे, असे 1985 च्या त्याच कायद्यात लिहिले होते. प्रत्यक्षात फेब्रुवारी 1989 मध्ये त्यांना न विचारता 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि फौजदारी खटलेही बंद झाले.

या रकमेमागे सुमारे 3,000 मृत्यू आणि लाखभर जखमी असा अंदाज होता. पुढे पाच हजारांहून अधिक मृत्यूंसाठी आणि पाच लाखांहून अधिक जखमींसाठी भरपाई मंजूर झाली. बहुतेक जखमींच्या हाती पहिल्या फेरीत 25,000 रुपये आले.

डिसेंबर 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र तडजोडीआधी पीडितांचे ऐकून घ्यायला हवे होते, हेही मान्य केले. 1991 मध्ये फौजदारी कारवाईचा मार्ग पुन्हा खुला झाला, रक्कम मात्र तीच राहिली. पालकत्व स्वतःच्याच मापाने उणे ठरले.

पायरी 4 : समजूत कशी रुजते ते पाहा

समजुती भाषणांपेक्षा रोजच्या व्यवहारातून अंगवळणी पडतात. दाव्याचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, शिक्का, पुढची तारीख. आपण खरोखर पीडित आहोत हे कागदावर सिद्ध करत रांगेत उभे राहणाऱ्याला हक्काची भरपाईही मेहेरबानी वाटू लागते.

म्हणून लोकांना भोळे म्हणणे ही तिसरी चूक. दुसरी वाटच नसेल, तर हात जोडणे हाही व्यवहारज्ञानाचाच भाग असतो.

पायरी 5 : ज्यांचा प्रश्न, त्यांच्याकडे जा

दुर्घटनेनंतर भोपाळमधल्या काही बायकांना स्टेशनरी बनवण्याच्या कारखान्यात काम मिळाले. तिथे भेटलेल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी संघटना उभी केली. वाढीव मजुरीसाठी 1989 साली संघटनेतल्या बायका दिल्लीपर्यंत पायी गेल्या. पुनर्वसनाची मदत म्हणून मिळालेल्या कामाचा त्यांनी कामगार म्हणून मोबदला मागितला. पुढे त्या युनियन कार्बाइडकडून जबाबदारीचा हिशेब मागत राहिल्या. 2004 साली दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

चौथी चूक सर्वांत घातक : चिकित्सा करणाऱ्यानेच ‘तुमचे हित मला कळते’ म्हणत नवा मायबाप होणे. आपले विश्लेषण पीडितांपुढे ठेवावे. त्यांना त्यात आपला अनुभव दिसला नाही, तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे.

धरण असो, रस्ता असो वा झोपडपट्टीचे पुनर्वसन, ‘तुमच्याच भल्यासाठी’ असे कानावर आले की आपण क्रमाने विचारावे : यात खरे काय, झाकलेले काय, दिलेले वचन पाळले का, आम्हाला हे पटले कसे, आणि ज्यांचे भले करायचे त्यांना निर्णयाआधी विचारले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.