साठीनंतर सुरू होणारा संशय

स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपल्या पिढीला ‘देवराई’मधला अतुल कुलकर्णी आठवतो. २००४ च्या त्या सिनेमाने आजाराची ओळख करून दिली, पण हा तरुणपणीच होणारा आजार असा समजही राहून गेला. प्रत्यक्षात तो चाळिशीनंतर, अगदी सत्तरीतही पहिल्यांदा दिसू शकतो. उशिरा होणारा हा त्रास बायकांमध्ये जास्त आढळतो.

त्यात बोलणं-चालणं, आठवण बरीचशी शाबूत असते. फक्त वरच्या मजल्यावरचे नजर ठेवतात, कामवाली पैसे चोरते, भिंतीतून कुणीतरी गॅस सोडतं, असं ठाम वाटत राहतं. गॅसची ही तक्रार जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. भोपाळमध्ये मात्र ती ऐकून काटा येतो. १९८४ ची ती रात्र भोगलेल्या आजीला “काहीतरीच तुझं” कसं म्हणणार? जुन्या आठवणी असतील, म्हणून घरचे थांबतात. असतीलही. पण झोप-जेवण सुटलं तर थांबू नये.

डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाहीत. लघवीचा संसर्ग, कमी सोडियम, थायरॉइड, स्मृतिभ्रंश, आधीची औषधं, हे सगळं तपासतात. कानसुद्धा, ऐकू कमी येणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो.

मग येतात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अमिसुल्प्राइड यांसारखी औषधं. इथे डोस फार महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये साठीनंतर आजारी पडलेल्या १०१ जणांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अमिसुल्प्राइड रोज फक्त १०० मिलिग्रॅम दिलं होतं. तरुणांना तीव्र आजारात ४०० ते ८०० लागतं. एवढ्याशा डोसने १२ आठवड्यांत चांगला फरक पडला, आणि औषध पुढे चालू ठेवणारे ते बंद झालेल्यांपेक्षा बरे राहिले.

म्हणून “आता बरं वाटतंय” म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये आणि गुण येत नाही म्हणून दुप्पटही देऊ नये. आमच्या कामात चालू सिस्टिममध्ये एका वेळी एकच बदल करतात, तसंच हे. आणि चहात गोळी विरघळवून देणं तर नकोच. ज्या माणसाला आधीच विषप्रयोगाचा संशय आहे, त्याला ते कळलं की संपलंच.

धोके खरे आहेत: अंग आखडणं, हात थरथरणं, गुंगी, उठताना रक्तदाब उतरून पडणं. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. निदान नीट व्हायला हवं, ते यासाठी.

भोपाळच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर कधीही, फुकट बोलता येतं. पुण्या-बंगळुरूहून आईला फोन करताना “गोळी घेतलीस का?” एवढ्यावरच थांबू नका. चालताना पाय घासतात का, सकाळी उठताना चक्कर येते का, तेही विचारा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.