हेड पॅकिंग बदलले, पण दोष गेला का?

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकचा परिसर म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा. जवळच सोमेश्वर सहकारी साखर कारखाना. गळीत हंगामात ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तरी मालकाचे नुकसान होते. मग ‘उस्ताद, नुसते पॅकिंग टाका आणि गाडी द्या’ असा तगादा सुरू होतो. गॅरेज व्यवसायातील आपल्या बांधवांनी नेमके इथेच सावध राहावे.

ब्लॉक आणि हेड यांच्यामधले पॅकिंग सिलिंडरमधला वायू, ऑइल आणि कूलंट यांना एकमेकांत मिसळू देत नाही. ते गेले की कूलंट सांध्यातून बाहेर पाझरते, ऑइलमध्ये उतरते किंवा सिलिंडरमध्ये जाऊन जळते. ऑइल दुधाळ होणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसणे या त्याच्या खुणा. बुडबुडे पाहायचे असतील तर थंड इंजिनावरच झाकण उघडावे. गरम असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. हेडला तडा गेल्यावरही याच खुणा दिसतात. म्हणून होज पाइप आणि वॉटर पंप आधी तपासून मगच हेड उतरवावे.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून फिलर गेजने फट मोजावी. कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेपेक्षा फट जास्त असेल तर हेडला फेस मारून घ्यावा आणि दाब देऊन तडा तपासावा. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कोरडे घासून धूळ उडवू नये. बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिले तर आवळताना ब्लॉक फुटू शकतो. काही डिझेल इंजिनांत पिस्टन किती वर येतो ते मोजून पॅकिंगची जाडी ठरवावी लागते.

नवे पॅकिंग कंपनीने सांगितल्याखेरीज ग्रीस किंवा शेलॅक न लावता बसवावे. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. शेवटी टॅपेट लावून ऑइल व फिल्टर बदलावे, कूलंट भरून हवा काढावी. काढलेले कूलंट उघड्यावर सोडू नये. ते गोडसर पण विषारी असते आणि जनावरे ते पितात.

एवढे करूनही एक प्रश्न उरतो: इंजिन तापले कशाने? रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा अडकलेला असतो, पंख्याचा पट्टा ढिला असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो किंवा क्षारयुक्त बोअरचे पाणी वापरून आत खार साचलेला असतो. हे कारण दूर केले नाही तर नवे पॅकिंगही जाते आणि ग्राहक दुसऱ्यांदा पैसे मोजतो.

कुरआन शरीफच्या ८३ व्या सूरहची सुरुवातच मापात घट करणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. न मोजता बसवलेले हेड ही त्याच जातीची घट समजावी. दारात उभी असलेली गाडी ही अमानत आहे. काम दोन दिवसांचे असेल तर दोन दिवस लागतील असे स्पष्ट सांगावे, जुने पॅकिंग मालकाला दाखवावे आणि कारण समजावून द्यावे. घाई करणारा ग्राहक आज कुरकुर करील, पण पुढच्या हंगामात तोच चार गाड्या घेऊन येईल.