चाकाची धाव

मराठीत ‘धाव’ म्हणजे पळणे, आणि बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीलाही आपण धावच म्हणतो. चाक पळते ते या पट्टीवर, हे खरेच. पण धावेचे मोठे काम वेगळे आहे. ती सगळे चाक बांधून ठेवते.

सुताराने केलेले चाक म्हणजे सुट्या भागांची जुळणी. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले घेराचे बाकदार तुकडे. बारा आऱ्यांचे चाक असेल तर असे सहा तुकडे, प्रत्येकात दोन आरे. लाकूड बहुधा बाभळीचे आणि चांगले वाळलेले. दोन तुकड्यांच्या सांध्यात जाणता सुतार किंचित फट ठेवतो. ती कशासाठी, हे लोहाराच्या अंगणात कळते.

लोहार चाकाचा घेर मोजतो आणि धाव त्याहून थोडी आखूड करून तिची टोके जोडतो. थंड असताना ती चाकावर चढणारच नाही. मग ती जमिनीवर आडवी मांडून भोवती गोवऱ्या रचून पेटवतात. लोखंड तापले की वाढते. शंभर अंश सेल्सिअसला हजार भागांत साधारण सव्वा भाग. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे 188 इंच. धाव सहाशे अंशांनी तापली, तर ती सव्वा इंचाहून थोडी अधिक वाढते. सारा खेळ एवढ्याशा वाढीचा!

तापलेली धाव तिघेचौघे सांडशींनी उचलून चाकावर टाकतात आणि घणाने ठोकून बसवतात. लाकूड पेट घेऊ लागते, म्हणून लगेच चहूबाजूंनी पाणी ओततात. लोखंड आकसते, सांध्यांतल्या फटी मिटतात, आरे तुंब्यात घट्ट दाबले जातात. लाकूड करकरलेले ऐकू येते.

माप चुकले तर मेहनत वाया. धाव फार आखूड झाली तर आरे वाकतात. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर ती भर रस्त्यात निसटते. म्हणून शेतकरी चाके ओढ्यात भिजत ठेवत. लाकूड फुगले की धाव पुन्हा पकड घेई. पण तो तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे धाव काढून, आखूड करून पुन्हा चढवणे.

वाफेच्या इंजिनांच्या चाकांवरही पोलादी धाव अशीच तापवून बसवत. आता बैलगाड्यांना रबरी टायर आले आणि हे काम कमी झाले. सुतार आणि लोहार हे दोन वेगळे बलुतेदार. पण एकाने सोडलेली फट आणि दुसऱ्याने धरलेले माप जुळले, तरच चाक होते. दोघांपैकी एकाचे काम थांबले की दुसऱ्याची विद्याही अडून राहते. ज्या गावात दोघेही अजून काम करतात, तिथे धाव चढताना एकदा जरूर पाहावी.